ड्रीमाची गोधडी

कॅनी फोर्क, केंटकी
११ मार्च

ओपल,

पकडला! रॉयस क्रीचला पकडला. आज सकाळी फोर्कमध्ये सहा गाड्या शिरल्या. शेरीफच्या नव्हेत, फेडरलच्या, थेट केंद्र सरकारच्या. मी गाऊनवरच पोर्चवर उभी राहिले आणि सगळं डोळे भरून पाहिलं. अनवाणी नेलं त्याला, चिखलातून. त्याची आई इमोजीन हातात त्याचे बूट घेऊन मागे धावत होती आणि कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की घरात येऊन मी अंडी तळली आणि पोटभर खाल्लं. ड्रीमा गेल्यापासून पहिल्यांदा.

तू म्हणशील, ताई, असं बोलू नये. बोलणार. माझी सव्वीस वर्षांची लेक त्याच्या नशेच्या निळ्या गोळ्यांनी गेली आणि ऑक्टोबरात तिच्या शवपेटीला त्यानेच खांदा दिला! पुढे डावीकडे रॉयस, त्याच्या मागे तुझा कर्टिस. वर मला मिठी मारून म्हणतो, "व्हर्नामावशी, बहिणीसारखी होती हो ती मला." इमोजीनने कोंबडीचा रस्सा आणला होता, निळ्या भांड्यात, भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव लिहून. तीन दिवस जेवले मी त्यावर. ते भांडं अजून माझ्या फळीवर आहे आणि तिथेच राहणार. येऊ दे मागायला.

काउंटीच्या कोर्टात असता तर दीड वर्षात सुटून पुन्हा दारात शीळ घालत बसला असता. फेडरलला पॅरोल नसतो, ओपल. दिली तेवढी भोगायची.

ड्रीमाचे कपडे खोक्यात भरून तुझ्याकडे पाठवलेत. मी खिसेबिसे पाहिले नाहीत, डोळे मिटून कोंबले. तिचा वास यायला लागला की माझ्याने होत नाही. त्यांची गोधडी शिव. आईचा हात तुझ्यातच उतरलाय, माझे टाके म्हणजे कोंबडीने उकरल्यासारखे. ज्या दिवशी त्याला शिक्षा सुनावतील त्या दिवशी ती गोधडी मांडीवर घेऊन मी पहिल्या बाकावर बसणार. त्याला बघू दे. एकही कपडा वगळू नकोस.

फोनवर मी रडते नाहीतर ओरडते, म्हणून लिहिते.

व्हर्ना


डेटन, ओहायो
२३ मार्च

प्रिय ताई,

खोकं पोचलं. उघडलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. ड्रीमाचं ते हिरवं जाकीट, कामावरचा चेरीच्या नक्षीचा सदरा, शाळेच्या बँडचा शर्टसुद्धा. तू काहीच टाकलं नव्हतंस ना गं!

गोधडी शिवते. माझी पाठ साथ देत नाही, पण उन्हाळ्यापर्यंत होईल.

ताई, एक सांगू का? रागावू नकोस. तू अंडी तळून खाल्लीस हे वाचून मला भीती वाटली. रॉयसचं काय ते देव बघेल आणि कोर्ट बघेल. तू त्या रागात स्वतःला जाळू नकोस. रात्रीच्या गोळ्या घेतेस ना रक्तदाबाच्या?

कर्टिसने तुला सलाम सांगितलाय. रविवारी येऊन उरलेली लाकडं फोडून देईन म्हणाला. टायरच्या गोदामात त्याला जास्तीचं काम लागलंय, पण तुझ्याकडे यायचं चुकवत नाही. तूच सांग, कोणाचा पोरगा आजकाल मावशीसाठी एवढा करतो? त्या दिवशी आणखी कुणाकुणाला नेलं, काही कानावर आलं का?

तुझी,
ओपल


कॅनी फोर्क
९ एप्रिल

ओपल,

नाही, आणखी कुणाला नाही नेलं. तुला कशाला नसत्या चौकशा?

काल सरकारी वकीलबाईंनी बोलावलं होतं. मिस पेनिंग्टन. माझ्या ड्रीमापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठी असेल, पण बोलणं कसं धारदार! तिने सांगितलं ते नीट वाच. नुसत्या गोळ्या विकल्याबद्दल रॉयसला दहा-अकरा वर्षं बसतील. पण ड्रीमा त्याच्याच गोळीने गेली हे दाखवता आलं, तर शिक्षा तिपटीने वाढू शकते. रक्तात फेंटानिल, ते जीवघेणं नशेचं औषध, निघालं होतं, ते कागदावर आहे. पण गोळी कुणाची? त्या बाईने विचारलं, "तिच्या खोलीत काय सापडलं होतं?"

आता तुला जे सांगते ते मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं ना, हृदय बंद पडलं, झोपेत गेली? मला तेव्हाच माहीत होतं. सकाळी खोलीत गेले तर ती पलंगाला टेकून खाली बसलेली, ओठ निळे. टेबलावर अर्धी गोळी, चुरा, कागदाची नळी. मी तिला हाक मारली, हलवली, आणि कळल्यावर काय केलं माहीत आहे? झाडू घेतला. घरात कुणी गेलं की गाव येतं, आणि गाव येण्याआधी घर स्वच्छ पाहिजे, आईने हेच शिकवलं ना आपल्याला? चुरा पुसला, गोळी संडासात टाकली, चादर धुवायला लावली, तिचे केस विंचरले, धुतलेला गाऊन घातला आणि मग फोन केला. टॅकेटांची पोर गोळ्या खाऊन मेली असं इमोजीनच्या तोंडून निघू नये म्हणून! इमोजीनच्या, ओपल! पुरावा म्हणून जे काही होतं ते मी माझ्या हाताने वाहून घालवलं. त्या हाताचं काय करू?

मिस पेनिंग्टन म्हणाली, ड्रीमाचा फोन सापडला तर अजून जमेल. रॉयस स्वतःचे फोन दर महिन्याला नदीत फेकायचा, म्हणून त्याच्याकडे काही नाही. ड्रीमाचा मला कधी दिसलाच नाही. पण तू बघ. चेरीच्या सदऱ्याला आतून चोरखिसा आहे, मीच शिवलेला, कारण वृद्धाश्रमात कामावर फोन बाळगू देत नव्हते. तू तसेही सगळे खिसे उसवणारच आहेस. देवाची शपथ घालते तुला, बघ.

व्हर्ना


डेटन
६ मे

प्रिय ताई,

उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र दहादा वाचलं. तू केलंस ते कुठल्याही आईने केलं असतं. आपल्या आईनेही आधी झाडूच घेतला असता.

फोन नाही, ताई. सगळे खिसे उसवले. हिरव्या जाकिटात च्युइंगमचा कागद, चेरीच्या सदऱ्यात केसाची पिन आणि पेन. चोरखिसाही पाहिला, रिकामा होता. जीनमध्ये काही नाही. हरवला असेल कुठेतरी.

कर्टिस टेक्सासला गेला. तेलाच्या विहिरींवर काम निघालं, एकाएकीच ठरलं, म्हणून तुला भेटायला जमलं नाही त्याला. त्याची फार आठवण येते. घर खायला उठतं.

जे सापडत नाही त्याच्यामागे नको गं लागूस. अकरा वर्षंही थोडी नाहीत.

ओपल


कॅनी फोर्क
२० जून

ओपल,

अकरा वर्षं थोडी नाहीत म्हणे! रॉयस आज चौतीसचा आहे. सुटेल तेव्हा पंचेचाळीस. लग्न करेल, मुलं होतील, माझ्या कुंपणाशी उभा राहून "कशी आहेस मावशी" म्हणेल. माझी पोर तेव्हाही सव्वीसचीच असेल. पुन्हा हे वाक्य मला लिहू नकोस.

त्याने गुन्हा कबूल केला, गोळ्या विकल्याचा तेवढा. ड्रीमाचं नावही घेतलं नाही. शिक्षा अठरा ऑगस्टला, लेक्सिंग्टनला. न्यायाधीशांना वाटलं तर अजून वाढवता येते, पण त्यांना वाटायला हातात काहीतरी हवं ना!

आणि आता गंमत ऐक. न्यायाधीशांना रॉयसच्या चांगुलपणाची पत्रं चाललीत. हो, तशी रीत आहे म्हणे. पाद्रीबाबांनी लिहिलं की त्याने चर्चचं छप्पर घातलं. त्याच्या शाळेच्या फुटबॉल मास्तरांनी लिहिलं की पोरगा मनाचा मऊ. सतरा पत्रं! छपराचं कौतुक आहे, त्याच छपराखाली कुणाची पेटी ठेवली होती त्याचं नाही. मीही एक लिहिलं. मिस पेनिंग्टनने वाचलं आणि म्हणाली, "मिसेस टॅकेट, शिव्या काढाव्या लागतील." काढल्या. निम्मं पत्र संपलं.

इमोजीन भांडं मागायला आली होती. पायरीवर उभी राहिली, आत बोलावलं नाही. म्हणाली, "व्हर्ना, ते निळं भांडं माझ्या सासूचं आहे." मी म्हटलं, "मुलगी माझी होती." गेली.

कर्टिसला सांग, लाकडं तशीच पडलीत. दर दुसऱ्या रविवारी येणारा पोरगा, एक पोस्टकार्डही नाही? माझ्या हातचा घेवडा आणि मक्याचा पाव दोन-दोनदा वाढून घ्यायचा, आता विसरला होय मावशीला?

गोधडी कुठवर आली?

व्हर्ना


डेटन
१४ जुलै

ताई,

गोधडी पार्सलने पाठवतेय. जपून उघड. कोर्टात मला यायला जमणार नाही, पाठ फारच धरलीय. जशी शिवता आली तशी शिवली. तिला जवळ ठेव एवढंच म्हणते.

ओपल


कॅनी फोर्क
१ ऑगस्ट

ओपल,

गोधडी पलंगावर अंथरली आणि तुझ्यावरचा सगळा राग गेला होता. बँडच्या शर्टाची मधली चौकट, भोवती हिरवं जाकीट, जीनच्या कडा. आईपेक्षा बारीक टाका घातलायस. एक कोपरा तेवढा जाड झालाय, कापूस गोळा झाल्यासारखा. मी मनात म्हटलं, ओपल म्हातारी झाली.

मग मी एकेक कपडा ओळखत बसले. हा नाताळचा, हा कर्टिसने जत्रेत जिंकून दिलेला. सगळं आहे. तू तर चिंध्यासुद्धा वाया घालवल्या नाहीस. फक्त चेरीचा सदरा नाही.

दोनदा मोजलं. उलटी करून पाहिली. नाही. मार्चच्या पत्रात तू स्वतः लिहिलंस की खोक्यात आहे. मेमध्ये लिहिलंस की चोरखिसा पाहिला, रिकामा. मग त्या सदऱ्याने तुझं काय वाकडं केलं की तो एकटाच गोधडीत नाही? सांग ना!

मी तुला ओळखते. तू सहा वर्षांची असताना आईची सुई हरवलीस तेव्हाही तुला खोटं बोलता आलं नव्हतं. या जगात एकाच माणसासाठी तू माझ्याशी खोटं बोलशील. आणि तो माझ्या पत्रानंतर महिन्याभरात टेक्सासला पळाला.

माझ्या दारात लाकडं फोडत होता, ओपल. माझ्या टेबलाशी बसून जेवत होता. पेटीच्या डाव्या बाजूला पुढे रॉयस आणि मागे तो. दोघं मिळून घेऊन गेले तिला. आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते की किती गुणी पोरगा!

फोन पाठव. शिक्षेला सतरा दिवस उरलेत. पाठवला नाहीस तर मी मिस पेनिंग्टनला तुझा पत्ता देईन. मग सहा गाड्या तुझ्या दारात येतील आणि बूट घेऊन मागे धावायची पाळी तुझी असेल.

व्हर्ना


डेटन
७ ऑगस्ट

ताई,

फोन तुझ्याकडेच आहे. जाड कोपरा उसव. चेरीच्या सदऱ्यात गुंडाळून मी तो आत शिवला.

तो मला २५ मार्चला सापडला, तुझं एप्रिलचं पत्र यायच्या आधीच. चार्जरला लावला, कुलूप नव्हतं, आणि वाचला. फेकवेना, त्यात तिचे फोटो आहेत, तुझ्यासाठी गायलेलं वाढदिवसाचं गाणं आहे. तुला देववेना. मग वाटलं, निदान तिच्या आईच्या अंगावर तरी राहू दे. मूर्खपणा केला असेल. तुझं हे पत्र आल्यावर आणखी एक खोटं लिहायला बसले होते, हात चालला नाही.

आत काय आहे ते माझ्याकडून ऐक. आदल्या दिवशी रॉयसने तिला लिहिलंय, "कर्टिसकडे दिल्यात. नव्या आहेत, परवा एक जण यानेच गेला, जपून." त्याला माहीत होतं, ताई. माहीत असून पाठवल्या. मग कर्टिसचं आहे, "पोर्चवर कुंडीखाली दोन ठेवल्यात. अर्धीच घे ड्रीम. मावशीला कळू देऊ नकोस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून त्याचंच, "उठलीस का?" नऊ वेळा.

तो विकत नव्हता. तोही त्या गोळ्यांवर होता, रॉयसच्या मालाची ने-आण करून स्वतःपुरत्या मिळवत होता. तुझ्याकडे लाकडं फोडायला का येत होता ते आता तुला कळलं असेल. तेव्हापासून त्याने एकही घेतलेली नाही. हे मी त्याची आई म्हणून सांगतेय, तुला वाटेल तेवढं खरं मान.

तो चोवीस वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा मी तापात होते आणि पहिले तीन दिवस तूच त्याला छातीशी धरलं होतंस. त्याच्या नावाने मी पदर पसरते. रॉयसला बुडव, पण माझा वाचेल असं काही कर. फोन एकच आहे हे मला कळतं. तरी मागते.

ओपल


कॅनी फोर्क
६ नोव्हेंबर

ओपल,

तीन महिने लिहिलं नाही. तुला बातम्या वकिलाकडून कळतच असतील, तरी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी कोपरा उसवला. सदरा बाहेर काढला, त्याला अजून वृद्धाश्रमातल्या साबणाचा वास होता. सगळं वाचलं. "उठलीस का" नऊ वेळा मोजलं. पहिलं सहा वाजता, शेवटचं सात वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी मी झाडत होते. फोनवर ते येत असणार कुठेतरी खुंटीवरच्या सदऱ्यात, आवाज बंद. मग मी ते गाणं ऐकलं. एकदाच. त्यानंतर चांगले कपडे घातले, गाडी काढली आणि फोन मिस पेनिंग्टनच्या टेबलावर नेऊन ठेवला. वाटेत दोनदा गाडी थांबवली, हे तुला सांगायला हरकत नाही. दोनदा पुन्हा सुरू केली.

त्यामुळे शिक्षा ऑक्टोबरवर गेली. कोर्टाच्या दारात पहारेकऱ्याने गोधडी तपासणीच्या यंत्रातून काढायला लावली आणि मला हसू आलं, आता तिच्यात काही नव्हतं. पहिल्या बाकावर बसले. न्यायाधीशांनी तो संदेश मोठ्याने वाचला, "परवा एक जण यानेच गेला, जपून." पाद्रीबाबा छपरासकट मान खाली घालून बसले. रॉयसने मागे वळून गोधडीकडे पाहिलं, त्याने बँडचा शर्ट ओळखला, कारण तोही तिच्याआधी त्याच बँडमध्ये होता. तीस वर्षं दिली. सुटेल तेव्हा म्हातारा असेल आणि मी नसेन. मागितलं ते मिळालं मला. वाटलं होतं छातीतला निखारा विझेल. नाही विझला. पण त्याला तीस वर्षं मिळाली आणि ती मला पुन्हा विचारलं तर पुन्हा हवीत.

कर्टिसला टेक्सासात पकडला तो माझ्यामुळे. ते मी नाकारत नाही. त्याची शिक्षा वसंतात, त्याच न्यायाधीशांसमोर. मला पत्र लिहायला सांगतील, ड्रीमाची आई म्हणून. तुला लिहायला सांगतील, त्याची आई म्हणून. दोन्ही एकाच फाईलीत लागतील. मी माझ्या पत्रात "अर्धीच घे" लिहीन, कारण ते खरं आहे. लाकडंही लिहीन. त्याने त्याची किती वर्षं कमी होतील ते न्यायाधीश जाणोत. मला विचारशील तर एकही होऊ नये. तीन दिवस छातीशी धरलं होतं म्हणून जास्तच होऊ नये.

शिक्षेनंतरच्या आठवड्यात इमोजीन पुन्हा आली. पायरीवर उभी राहिली, काही मागितलं नाही. केवढीशी झालीय ती! मी विचारलं, "तुला माहीत होतं का गं?" म्हणाली, "व्हर्ना, मला वाटायचं तो गाड्या दुरुस्त करतो." तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विश्वास बसला. निळं भांडं काढलं, त्यात सकाळचा घेवडा डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसकट काठोकाठ भरला आणि तिच्या हातात दिलं. दोघी रडलो.

तूही ड्रीमाच्या मयताला एक भांडं आणलं होतंस, पांढरं, बटाट्याचं. तळाला चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात तुझं नाव आहे. ते या पत्रासोबत पाठवतेय. घासून, पुसून, कागदात गुंडाळलंय. आत काही नाही.

व्हर्ना